जावयाला सुरीचे टोक काढून दिल्याबाबत

मी, बाजारात सगळे ज्याला धारवाले म्हणतात तो, वय अठ्ठावन्न, धंदा हाताने सुऱ्या-चाकू घडवणे, राहणार दुकानामागच्या खोलीत, समक्ष हजर राहून जबाब देतो की, मला एकुलती एक मुलगी आहे. ती नवऱ्यासह तलावापलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या जिवाला नवऱ्यापासून धोका आहे. एवढे आधी लिहा आणि गाडी पाठवा, बाकीचे मग सांगतो, असे मी हवालदारांना म्हणालो. क्रमाने सांगा, असे ते म्हणाले.

मुलीच्या स्वयंपाकघरातली सुरी माझ्याच हातची आहे. गेल्या महिन्यात मुलगी ती घेऊन दुकानात आली व म्हणाली, "बाबा, हिचं टोक घालवून द्या. गोल करा." मी म्हणालो, "अगं, मग बटाट्याचे डोळे कशानं काढशील?" ती म्हणाली, "दातानं काढीन." आम्ही दोघेही हसलो. मी टोक घासून गोल करून दिले. त्या दिवशी उकाडा असूनही तिने गळ्याला रुमाल गुंडाळला होता. मी त्याबद्दल विचारले नाही.

आज दुपारी जावई तीच सुरी घेऊन आला. एरवी तोंडातून अक्षर न काढणारा माणूस, आज बोलत सुटला होता. "मामा, तुमच्या लेकीनं चांगल्या सुरीची वाट लावली. टोक काढून द्या." कसे, ते त्याने पात्यावर खडूने रेघ ओढून दाखवले. पाठीकडून पाते खोलगट घासत न्यायचे, म्हणजे टोक लांब व बारीक निघते. शिकारीच्या चाकूला तसे असते, भाजी चिरायला त्याचा काडीचा उपयोग नाही. मी तसे बोललो. तो म्हणाला, "खोकी फोडायला लागतं." मग खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला व म्हणाला, "या जाडीच्या फटीत शिरलं पाहिजे."

ठेवून जा, उद्या देतो, असे मी म्हणालो. "थांबतो की," म्हणाला आणि स्टूल ओढून दारातच बसला. नाही म्हणायला हवे होते, हे मला समजते. पण मागच्या गल्लीत दुसरा धारवाला आहे, तो कुणाला काही विचारत नाही. आणि खरे सांगायचे तर मला जावयाची भीती वाटली.

पाते चाकाला लावल्यावर मी विचारले, "पोरगी बरी आहे ना?" तो म्हणाला, "हल्ली आतून कडी लावून घेते." आणि हसला. पुठ्ठा कसल्या फटीचा, ते मला तेव्हा कळले.  चाक त्याला दिसू नये म्हणून मी त्याच्याकडे पाठ केली.

घासताना पाते तापते, म्हणून सारखे पाण्यात बुडवावे लागते. न बुडवल्यास पोलाद निळे पडते, घडवताना त्याला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतो व ते मऊ होते. मी टोक मुद्दाम बुडवले नाही. निळे पडेपर्यंत चाकाला धरले आणि निळा रंग पॉलिश पेपरने घासून काढला. टोक चकचकीत दिसत होते. जावई खूश होऊन, माझ्या पाठीवर थाप मारून गेला. जोर पडला की ते टोक वाकेल, असा माझा अंदाज आहे, खात्री नाही. धारेला मला काही करता आले नाही. ती पहिल्याइतकीच तीक्ष्ण आहे.

दुकान उघडे टाकून मी तडक इथे आलो. मुलगी फोन उचलत नाही. हवालदार म्हणाले, "नवरा-बायकोचं आहे, मिटेल." मी म्हणालो, "साहेब, तुम्हाला लेक आहे का?" ते लिहीत राहिले.

इथवर लिहून झाले असता मुलीचा फोन आला. हवालदारांनी तो स्पीकरवर घ्यायला लावला. ती अगदी हळू बोलत होती. "बाबा, मी आतल्या खोलीत आहे. त्यानं फटीतून सुरी घातली. कडीपर्यंत आली आणि वाकली." मागे दारावर लाथा बसत होत्या. मी म्हणालो, "कडी सोडू नकोस बाळा, निघालोच." हवालदार टोपी न घेताच उठले.

हा जबाब मला धावत्या गाडीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. गाडी हलत असल्याने सही वेडीवाकडी आली आहे. फोन अजून चालू आहे आणि ती बोलते आहे.