एमिलच्या नावाने विकायला काढलेली टपाची गाडी

नाव : श्रीमती लुडमिला प्रुएट, माहेरचं आडनाव ह्राबोव्स्की. वय ६९ वर्षे. धंदा : निवृत्त, पूर्वी मोटार कारखान्यात गाड्यांची कापडी छतं, म्हणजे टप, शिवण्याच्या खात्यात एकतीस वर्षे नोकरी. राहणार : फ्लिंट, मिशिगन, स्लोव्हाक चर्चच्या मागची गल्ली.

आज दिनांक १७ ऑगस्ट २०१९ रोजी दुपारी सव्वातीन वाजता सार्जंट योलांडा पाइक यांच्यापुढे बसून मी सांगते की, मला कोणी धरून आणलेलं नाही, मी माझ्या पायांनी आले आहे. तक्रारदार ब्रेंट कॉर्लिस यांनी लिहून दिलं आहे की मी त्यांच्या गाडीचा कापडी टप फाडला. हे आधी दुरुस्त करावं. मी टप फाडला नाही, उसवला. जन्मभर टप शिवून पगार घेतलेल्या बाईला त्यातला फरक कळतो. सार्जंट मॅडमनी दुरुस्ती केली आहे.

एमिल ह्राबोव्स्की हा माझा सख्खा मोठा भाऊ. १९६८ च्या जूनमध्ये तो कारखान्यात लागला. दोन आठवड्यांनी मी लागले, शिलाईला. दहा आठवडे आम्ही दोघं सकाळी बरोबर चालत कामावर गेलो, कारण आमच्याकडे गाडी नव्हती. मग त्याला सैन्यातून बोलावणं आलं. फेब्रुवारी १९६९ मध्ये तो व्हिएतनाममध्ये मारला गेला. जाण्याआधी त्याने आमच्या कंपनीच्या दुकानात उघड्या टपाच्या गाडीसाठी आगाऊ रक्कम भरून ठेवली होती, आल्यावर घ्यायची म्हणून. चर्चमधले विधी झाल्यावर बाबा जाऊन ती रक्कम परत घेऊन आले. ज्या कोटाच्या खिशात ती आणली तो कोट त्यांनी त्या हिवाळ्यात परत घातला नाही.

कॉर्लिस माझ्या घरी गेल्या ऑक्टोबरमध्ये आला होता. तो फ्लोरिडाचा, जुन्या गाड्या आणि त्यांचं सामान घेतो-विकतो. माझं जुनं शिलाई यंत्र बघायला म्हणून आला आणि दीड तास स्वयंपाकघरात बसला. भिंतीवरचा एमिलचा फोटो बघून हा कोण, कुठे होता, कोणत्या तुकडीत, गाडी कोणती घेणार होता, सगळं खोदून विचारलं. पन्नास वर्षांत एमिलबद्दल इतके प्रश्न मला कोणी विचारले नव्हते. मी सगळं सांगितलं. फोटोचा फोटो काढू दिला. खसखशीचा केक कापून दिला, त्याचा मला पश्चात्ताप आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. यंत्र त्याने घेतलंच नाही.

आज सकाळी शेजारीण रूथ अ‍ॅबरनॅथी हिने मला फोनवर एक जाहिरात दाखवली. "लुडी, हा तुमचा एमिल ना गं?" मी चष्मा लावून बघितलं. एमिलच होता. जाहिरातीत लिहिलं होतं की एमिलची गाडी विकायची आहे, ती आज जत्रेच्या मैदानावर जुन्या गाड्यांच्या मेळ्यात उभी आहे. मी पिशवी घेतली आणि बस पकडली.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी तिथे पोचले. गाडी १९६८ सालची, लाल, आठ सिलिंडरची, काळा कापडी टप चढवलेला. गाडी दिसायला चांगली आहे, खोटं कशाला बोलू. या मेळ्यात गाडीपुढे लाकडी घोडीवर पाटी ठेवतात, तिच्यावर गाडीची हकीकत लिहितात. या पाटीवर लिहिलं होतं की ही गाडी एमिल ह्राबोव्स्की याने नवीकोरी घेतली, एक उन्हाळाभर तळ्याकाठच्या रस्त्याने फिरवली, मग तो रणात गेला. आईने गाडीवर चादर घातली, ती पन्नास वर्षांनी आता काढली. टप, गाद्या, सगळं कारखान्यातून आलं तसंच. खाली फोटो. माझ्या घरच्या फोटोत एमिल कारखान्याच्या दारात उन्हाने डोळे बारीक करून जेवणाचा डबा घेऊन उभा आहे. पाटीवर तेच तोंड चिकटवून त्याला स्टिअरिंगमागे बसवला होता, कोपर दारावर टेकलेलं. पाटी मी दोनदा वाचली.

इथे एक गोष्ट नोंदवून घ्यावी. ती लाल गाडी आमच्या कंपनीची नाही, तिच्या वैरी कंपनीची आहे. फ्लोरिडाच्या माणसाला त्यात काही वाटणार नाही. आमच्याकडे दुसऱ्या कंपनीची गाडी कारखान्याच्या आवारात आणली तर शेवटच्या रांगेत कुंपणाला लावावी लागायची. माझा यानो मामा डेट्रॉइटकडे त्या कंपनीत होता. नाताळच्या आदल्या दिवशी जेवायला यायचा तेव्हा बाबा त्याला गाडी आमच्या दारात लावू देत नसत. तो कोपऱ्यावरच्या लाँड्रीपाशी लावून बर्फातून चालत यायचा, आणि त्यात कोणालाच वावगं वाटत नव्हतं. एमिलने ती गाडी घेतली असती तर बाबांनी त्याला युद्धाआधीच मारला असता.

गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून एक गृहस्थ सही करायला वाकले होते. नाव हार्लन टीग, वय ७१, राहणार केंटकी. बँकेचा चेक हातात होता. मी त्यांना म्हटलं, "सही करू नका. मी एमिलची बहीण."

त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "बाई, मी व्हिएतनाममध्ये त्याच्याबरोबर होतो. शेवटपर्यंत. जाहिरातीत नाव वाचलं आणि तळ्याकाठचा प्लॉट विकून आलो. त्याची गाडी परक्याकडे जायला नको."

मी सांगितलं की ही त्याची गाडी नाही, त्याच्याकडे गाडीच नव्हती, आणि असती तर या कंपनीची नसती.

गाडीपाशी कॉर्लिस उभा होता, तो हसला. "आजीबाई, वय झालं की असं होतं. पोरं घरी सगळं सांगतात होय?"

टीग मला हळूच म्हणाले, "माणसाचं मन बदलतं हो बाई. कंपनीचं काय एवढं?" ते भले गृहस्थ आहेत, पण केंटकीचे.

मग मी पिशवीतून टाके उसवायची आकडी काढली. ती माझ्या पिशवीत कायम असते, हत्यार म्हणून नाही. टपाची मागची शिवण चार बोटं उसवली. पन्नास वर्षांचा दोरा ओढला तर त्याचं पीठ होतं. हा बोट कापेल इतका ताजा होता. दुमडीच्या आत शिलाई दुकानाची चिठ्ठी होती, तिच्यावर साल २०१६. मी ती टीग यांना वाचायला दिली. त्यांनी वाचली, चेकची घडी घातली आणि खिशात ठेवला.

मग माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "म्हणजे तुम्ही लुडी. तो सांगायचा, परत गेलो की टपाची गाडी घेणार, आणि टप शिवणार माझी बहीण. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही म्हणायचा." हे मला एमिलने कधी सांगितलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत कॉर्लिस बोलला. त्याची बायको खुर्चीत बसली होती, तिला म्हणाला, "जेनी, हे लिहून घे गं. बहिणीने शिवलेला टप. फार छान आहे हे. पुढच्या महिन्यात टेक्सासच्या मेळ्यात पाटीवर घालू, तिकडे कोणाला कंपनी-बिंपनी कळत नाही." आणि मला म्हणाला, "आजी, तुम्ही तरी काय नाराज होता? माझ्या पाटीत पोराला निदान एक उन्हाळा गाडी चालवायला मिळाली."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे मी ऐकून होते. खाताना मिटक्या मारतात हे आज पाहिलं.

त्यानंतर मी उरलेली शिवण उसवली. दोन्ही बाजू, मागची खिडकी, पुढची पट्टी. एकूण बावीस मिनिटं लागली. नोकरीत असते तर अकरा मिनिटांत झालं असतं. कॉर्लिस ओरडत होता, पण पोलिसांना फोन लावण्यात त्याचा वेळ गेला. टीग यांनी कापड ताणून धरलं, कारण ताणल्याशिवाय टाका नीट निघत नाही. तो गुन्हा असेल तर माझ्या नावावर लिहावा. कापडाला एकही छिद्र नाही, तपासून घ्यावं.

हे रागाच्या भरात केलं का, असं मॅडमनी विचारलं. राग नव्हता. राग आला की माझे टाके चुकतात, आज एकही चुकला नाही. अंगावर पाल पडावी तशी किळस आली होती, आणि ती अजून गेलेली नाही.

मॅडमनी मला सांगितलं की तक्रारदार तडजोडीला तयार आहे. मी टप परत शिवायचे पैसे भरून दिले तर तो तक्रार मागे घेईल आणि गाडी व सामान घेऊन आजच निघेल. मी विचारलं, सामानात पाटी पण का? हो म्हणाल्या. मी विचारलं, तडजोड केली नाही आणि माझ्यावर गुन्हा नोंदला तर? म्हणाल्या, मग जागेवरच्या वस्तू मुद्देमाल म्हणून खटला संपेपर्यंत पोलिसांच्या ताब्यात राहतील. मी विचारलं, पाटी पण? म्हणाल्या, पाटी पण.

तरी माझी विनंती आहे की तडजोड करू नये. माझ्यावर गुन्हा नोंदवावा. पाटीवर माझ्या भावाचं नाव आणि तोंड आहे, ते टेक्सासला जाता कामा नये. खटला लांबला तरी माझी हरकत नाही.

वरील मजकूर मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच तो उतरला आहे, आणि त्याखाली मी माझ्या हाताने सही करत आहे.

(सही) लुडमिला प्रुएट