सासऱ्यांची गाडी, आमच्या सायकली

तुम्ही हसताय, पण त्या दिवशी माझे हातपाय गार पडले होते. पानशेतच्या पुढे एक घाट आहे. बेत असा, की गाडीच्या टपावर सायकली टाकून वर जायचं, डोंगरातल्या पायवाटेने सुसाट खाली यायचं, आणि खाली आलेल्या गाडीतून पुन्हा वर. गाडी माझ्या सासऱ्यांची, एवढीशी. त्यांची अट एकच, स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागणार नाही. म्हणून तेच आले.

मी आणि माझा मित्र निखिल वीस मिनिटांत खाली पोचलो. गाडी नाही. तासभर झाला तरी नाही. मोबाइलला रेंजही नाही.

निखिल म्हणाला, "काकांचे ब्रेक तर नसतील ना गेले?"

"गप बस."

मग ती सायकलींची धुडं दामटत आम्ही रस्त्याने वर निघालो. प्रत्येक वळणावर थांबायचं आणि कठड्यावरून दरीत बघायचं. बायकोला काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होतो.

वर पोचलो, तर गाडी होती तिथेच. सासरे आत पेपर वाचत बसलेले.

"अहो बाबा, खाली का नाही आलात?"

"पोचलो की फोन करतो, मग निघा, असं आपणच म्हणालात. फोन आला नाही, मी निघालो नाही."

मग घामाने निथळणाऱ्या आम्हा दोघांना त्यांनी नीट न्याहाळलं आणि पेपरची घडी घातली.

"जावईबापू, सायकल चढावरही चालते तर. मग माझी गाडी कशाला लागत होती?"