बेटावर फोन कोण करतं?

नाही, पण मला एक सांगा, ज्या बेटाचं नाव मी आयुष्यात ऐकलं नाही, जे नकाशात शोधायला बाबांना भिंग लागलं, आणि भिंगातून जे दिसलं ते बेट नसून माशीनं केलेला ठिपका आहे असं आईचं अजून ठाम मत आहे... त्या बेटावर मी रोज चाळीस-चाळीस मिनिटं काय बोलेन? 'काय, आज पाणी कुठपर्यंत आलंय' असं? तुम्हाला सांगतो, मी काहीही केलेलं नाही.

आता हे वाक्य आमच्या घरात माझ्या तोंडून कोणी ऐकूनच घेत नाही, आणि त्यात त्यांचं फार चुकतं असंही नाही. कारण जिन्यातल्या आरशावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी चिठ्ठी लावली होती आणि आठ दिवस अख्खी बिल्डिंग भांग न बघता कामाला गेली, ती चिठ्ठी माझीच. समोरच्या काकूंच्या बेलखाली 'बटण गरम आहे, फुंकर मारून दाबावे', हेही माझंच. सगळ्यांत आधी फुंकर कोणी मारली? आमच्या बाबांनी. 'लिहिलंय म्हणजे कोणीतरी विचार करूनच लिहिलं असेल.' चौतीस वर्षं हेडक्लार्क होते हो. समोर आलेला कागद शेरा मारल्याशिवाय खाली ठेवला नाही त्यांनी. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा 'पाहिले' लिहून सही करतात.

तर टेलिफोनचं बिल आलं. बाबांनी आकडा बघितला आणि ते खाली बसले. खुर्ची नव्हती तिथे. तसेच जमिनीवर बसून मला म्हणाले, "काय केलंस?"

कोणी केलं, असं नाही. काय केलंस. म्हणजे चौकशी संपली, निकाल लागला, आता फक्त तपशील भरायचा.

मी म्हटलं, बाबा, मी काहीही केलेलं नाही. तर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत कबूल कर. नाहीतर एक तारखेला फोन परत करून येतो. ना फोन, ना बिल."

आणि मला तर फोन हवाच होता. कारण पंधरा दिवसांपूर्वीच मी इंटरव्ह्यू देऊन आलो होतो, जन्मात पहिल्यांदा बरा गेलेला. कंपनीतल्या बाई म्हणाल्या होत्या, "आम्ही महिन्याभरात फोन करून कळवतो, दहा ते पाचच्या दरम्यान." आता घरात फोनच नसेल तर कळवणार कोणाला, भिंतीवरच्या खिळ्याला? दोन वर्षं मी घरी बसून आहे. आरशावर चिठ्ठ्या काय मी हौसेनं लावतो?

त्या रात्री आई माझ्याजवळ आली, दार लोटलं, आवाज खाली घेतला. "खरं सांग, तिथं कोणी आहे का?"

"कुठं?"

"बेटावर."

"आई, मला ते बेट माहीतसुद्धा नाही."

"नाही, असेल तर सांग, मी ह्यांना समजावते. मुलगी काय करते? घरात किती माणसं? म्हणजे, बेटावर मावतील एवढीच असतील म्हणा..."

आता हिला काय सांगणार? मी काहीही केलेलं नाही म्हटलं, तर माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "स्वभावानं चांगली असली म्हणजे झालं."

बरं, बाबा गप्प बसणारे थोडेच. सुताराला बोलावलं आणि फोनसाठी लाकडी पेटी करून घेतली. कडी, कोयंडा, कुलूप, आणि किल्ली बाबांच्या बनियनला पिनेनं लावलेली. फोन वाजला की पेटीतून गाडल्यासारखा आवाज यायचा, बाबा आंघोळीत, आई बाहेरून ओरडतेय 'अहो, पिन', ते आतून 'कोण आहे विचार', पेटीला काय विचारू... तोवर फोन बंद. मी आपला दहा ते पाच त्या पेटीसमोर बसून. पाळत ठेवल्यासारखा. आणि माझं हे बसणं बघून बाबा आईला म्हणतात, "बघ, कसा घुटमळतोय."

आठवड्यानं बाबा टेलिफोन ऑफिसात जाऊन नवा हिशेब घेऊन आले. बेट तसंच. रोज चाळीस मिनिटं. कुलूप जागेवर, किल्ली बनियनला, तरी बेट चालू. बाबा माझ्याकडे असे बघायला लागले, की याची मजल आता मांत्रिकापर्यंत गेली.

आमचा कॉम्प्युटर याच फोनच्या लाइनीवरून इंटरनेटला लागतो, म्हणून शेवटी मीच कॉम्प्युटरवाल्याला आणला. त्याला आम्ही कान्या म्हणतो, कारण स्क्रूड्रायव्हर कानावर ठेवतो आणि मग घरभर शोधतो. त्यानं अर्धा तास कॉम्प्युटर तपासला, आणि म्हणाला, "फोन कोणी माणूस लावतच नाहीये. हा लावतोय."

"हा?" बाबा माझ्याकडे बघून.

"नाही, हा कॉम्प्युटर. आत एक आगाऊ प्रोग्राम घुसलाय. तुम्ही इंटरनेटला बसलात की तो तुमची लाइन गुपचूप तोडतो आणि त्या बेटाला लावतो. तिकडे बोलायला कोणी नसतं, नुसतं मीटर पडतं. पेटीत फोन ठेवून काय उपयोग, काका? कॉम्प्युटरची वायर पेटीच्या मागनं गेलीये."

मला कोण आनंद झाला म्हणून सांगू. निर्दोष. आयुष्यात पहिल्यांदा. मी आईकडे बघितलं, तिचं तोंड एवढंसं झालेलं. सून गेली ना हातची.

पण कान्याला थांबता येत नाही. "फक्त, तो आपण होऊन घुसत नाही हां. आधी चौकोन येतो स्क्रीनवर, 'घेऊ का आत?' विचारतो. कोणीतरी 'हो' दाबलंय. थांबा, वेळ असेल... हां. तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. सकाळी अकरा वाजून दहा."

त्या मंगळवारी अकरा दहाला मी कंपनीत त्या बाईंसमोर बसलो होतो, बाबांनी इस्त्री केलेल्या शर्टात. आई भाजी आणायला गेलेली.

आणि अकरा ते एक कॉम्प्युटरला कोण बसतं? रिटायर झाल्यावर आठ महिने बाबा नुसते खिडकीपाशी उभे असायचे, दाढी वाढलेली. कॉम्प्युटर शिकले आणि परत दाढी करायला लागले. शर्ट खोचून बसतात हो स्क्रीनसमोर. आणि चौतीस वर्षांची सवय... समोर काहीतरी मंजुरीला आलंय, कोणीतरी नम्रपणे विचारतंय 'घेऊ का आत?', आणि बाबा ते पेंडिंग ठेवतील?

बाबांनी चष्मा काढला होता. पुसत होते. पुसून झाला होता, तरी पुसत होते.

"मीच दाबलं," मी म्हटलं.

"त्या मंगळवारी तर तू इंटरव्ह्यूला..." आईनं तोंड उघडलं.

"जायच्या आधी दाबलं. लागू व्हायला वेळ लागतो त्याला." कान्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याचा पाय दाबला.

बाबांनी चष्मा घातला. मग बनियनची पिन सोडली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुझा फोन यायचाय ना? ठेव तुझ्याकडे. पण कॉम्प्युटरला आता हात लावायचा नाही. तो मी सांभाळीन."

कान्यानं जाताना एक राखणदार प्रोग्राम टाकून दिला. तो काहीही झालं की विचारतो, 'याला येऊ देऊ का? त्याला जाऊ देऊ का?' दिवसाला ऐंशी-ऐंशी प्रश्न. बाबांनी जाड वही आणली, आवक-जावक. प्रत्येक चौकोन वाचतात, नोंद करतात, आता शिकलेत ना, म्हणून 'नाही' दाबतात. डबा सोबत घेऊन बसतात. कामाची वेळ? दहा ते पाच. पण चौकोन कधी येतात? इंटरनेट चालू असेल तेव्हा. आणि इंटरनेट चालू असलं की फोन...

परवा कंपनीचं पत्र आलं. 'आपल्याशी वारंवार संपर्काचा प्रयत्न केला, परंतु आपला दूरध्वनी सतत एंगेज असल्याने दुसऱ्या उमेदवाराची निवड करण्यात आली.'

बाबांनी पत्र दोनदा वाचलं, कोपऱ्यात 'पाहिले' लिहून सही केली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढं दिवसभर बोलतं तरी कोण या घरात फोनवर?"

आईनं हळूच मला कोपरानं ढोसलं. "अजून सुटली नाही का रे ती?"

पेटीची किल्ली अजून माझ्या खिशात आहे. आणि तुम्हाला सांगतो... जाऊ दे.