पायऱ्यांवरचं हिरवं

बसून घ्या मंडळी, मागं खुर्च्या आहेत. एवढ्या पावसात तुम्ही आष्ट्याहून, सांगलीहून साताऱ्यापर्यंत आलात. अशा वेळी चौगुले मॅडमना बरं वाटलं असतं, असं म्हणायची पद्धत आहे. खरं सांगू का, त्यांना गर्दी आवडायची नाही. मला बोलायला उभं केलंय, पण आज मला धड बोलता येईल असं वाटत नाही.

मी देसाई. याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमची प्रयोगशाळा माझ्या शेजारी होती. आम्ही दोघं जवळपास एकदमच नोकरीला लागलो आणि एकदमच म्हातारे झालो.

मॅडमनी जन्मभर शेवाळ आणि दगडफूल यांचा अभ्यास केला. दगडफूल म्हणजे तेच, आपण मसाल्यात घालतो ते. लोक हसायचे. मीही विचारलं होतं, की मॅडम, आंबा आहे, ऊस आहे, हे कशाला? त्या म्हणाल्या, "लहानपणी पावसाळ्यात आई ओरडायची, बाई, हिरव्यावर पाय देऊ नगंस, जीव हायती त्यात. मग मी वाकून बघायला लागले. अजून बघतेय."

आष्ट्याचं जैन घर. संस्कारच तसा. नमुना घेतानासुद्धा त्या नखाएवढाच घ्यायच्या. जास्त ओरबाडायचं नाही.

महाबळेश्वरला एका जुन्या जांभळीवर त्यांना एक दगडफूल सापडलं. कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनाशी ते जुळेना. त्यांनी नखाएवढा तुकडा घेतला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भिंगाखाली बघायला आष्ट्याला नेला. कागदावर पसरून टेबलावर ठेवला. घरात वर्षाच्या मसाल्याची गडबड चालली होती. आई म्हणाल्या, "तू आणल्यालं दगडफूल घातलं बघ मसाल्यात. उलसंच हुतं, पर लय झ्याक वास सुटलाय."

मॅडम काही बोलल्या नाहीत. वर्षभर त्या मसाल्याची आमटी जेवल्या.

पावसाळ्यात दुसरा तुकडा घ्यायला आम्ही दोघं वर महाबळेश्वरला गेलो. जांभळीच्या जागी हॉटेलचं पार्किंग झालं होतं. पर्यटकांच्या गाड्या ओळीनं लागल्या होत्या. मॅडम छत्री धरून तिथं उभ्या राहिल्या. खाली येताना एसटीत एवढंच म्हणाल्या, "देसाई सर, आमटीला चव मात्र चांगली आली होती हो." आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

पुढं आई गेल्या. शेवटपर्यंत मॅडमनी त्यांना कळू दिलं नाही.

ज्या झाडाचा अभ्यास करावा ते तुटतंय, ज्या कातळावर जावं तिथं रस्ता होतोय. मग मॅडमनी आपल्या कॉलेजच्या पायऱ्या धरल्या. या सभागृहाच्याच, बाहेरच्या. डाव्या कडेला दरवर्षी जे हिरवं उगवायचं, त्यात तीन जातींची शेवाळं होती. मला ती सगळी सारखीच दिसायची. कुठली कुठं सरकली, कुठली मागं हटली, हे त्या पट्टी लावून मोजायच्या. रिटायर झाल्यावरही पावसाळ्यात एसटीनं यायच्या. म्हणायच्या, "पायऱ्यांवर कोण हॉटेल बांधणार?"

तुम्ही आत आलात तेव्हा पायऱ्या पाहिल्यात? स्वच्छ आहेत. काल पाहिल्या तेव्हा अशा नव्हत्या. आज सकाळी कॉलेजच्या शिपायांनी ब्लीचिंग पावडर टाकून, तारेच्या ब्रशनं घासल्यात. शोकसभेला वयस्कर माणसं येणार, कुणी घसरायला नको, म्हणून. मी कुणाला दोष देत नाही. आईंनीही प्रेमानंच केलं होतं, यांनीही प्रेमानंच केलं. पण मी रसायनाचा माणूस. ती पावडर काय करते हे मला कळतं.

परत उगवेल की सर, असं मघाशी एकजण म्हणाला. उगवेल. काहीतरी हिरवं उगवेल. ते तेच असेल कशावरून? आणि उगवलं तरी वाकून बघणार कोण? मॅडमचा विषय पुढं घेतलेला एकही विद्यार्थी या सभेत नाही. मी शोधलं. इतरत्र कुठं आहे, असंही मला माहीत नाही. त्यामुळं मॅडमचं कार्य आपण पुढं नेऊ, असलं काही मी बोलणार नाही. त्यांच्या फोटोसमोर उभं राहून खोटं बोलवत नाही. ते संपलं. त्या होत्या तोवर होतं.

आता सगळ्यांनी उभं राहावं. आपण थोडा वेळ गप्प राहू. मॅडम आईंपुढं ज्या कारणानं शेवटपर्यंत गप्प राहिल्या, ते आठवून.

आणि नंतर जाताना सावकाश जायला नको, डावी कड टाळायला नको. पाय कुठंही ठेवा. आता पायऱ्यांवर कुणी घसरणार नाही.