खोकं निराळं, ट्यूब तीच

आणि वर मला म्हणतो, "नाना, रॉयलटोनचं चित्र डोळ्याला गार लागतं!" आता मला सांगा, गार लागायला तो टीव्ही आहे की काकडी? आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं ऊन, धुळ्यात डोक्यावरचे पत्रे तडतडतायत, आणि हा बाप्या माझ्याच घरात पाटावर बसून मला सांगतोय की दीपज्योत कंपनीच्या टीव्हीनं डोळे जळजळतात! जळजळणारच! भर उन्हात एसटीच्या खिडकीत बसून भुसावळहून आलास, डोळे जळजळतील नाही तर काय! पण बोलता येतं का? जवाई ना तो! जवायापुढे सासऱ्यानं तोंड उघडायचं ते फक्त "अजून एक वाटी रस घ्या" म्हणायला.

तुम्हाला सांगतो, गोष्ट एवढीशी. माझी सुनंदा गेल्या वर्षी भुसावळला दिली. जवाई वाल्मीकराव, रेल्वेत. लग्नात बोलणं झालं ते "पहिल्या आखाजीला एक रंगीत टीव्ही" एवढंच. कंपनीचं नाव कुणी काढलं होतं? मी नाही, त्यांच्या बापानं नाही, सुपारी फोडणाऱ्या मामानंही नाही! तर पोरगी रिवाजाप्रमाणे आखाजीला माहेरी आली, झोके खेळली, गौराईची गाणी म्हटली, आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी हा तिला न्यायला आला. आमच्या नर्मदाबाईनं पहाटे उठून खापरावरचे मांडे केले, पातेलंभर आमरस काढला, पान वाढलं, ह्यानं पहिला घास उचलला... आणि नजर गेली कोपऱ्यातल्या खोक्यावर. दीपज्योत! घास परत ताटात, हात मागं, तोंड फुगलेलं.

"नाना, आमच्या साहेबांकडे रॉयलटोन आहे. अख्ख्या क्वार्टरात रॉयलटोनच चालतो."

"अहो, हाही चालतो! बटण दाबलं की चालतो!"

"मग चालवा तुम्हीच. सुनंदाला राहू द्या इथं. रॉयलटोन आला की दोघांना एकदमच घेऊन जाईन."

ऐकलंत? दोघांना! माझी पोरगी आणि टीव्ही, एकाच हुंड्यातलं सामान! सुनंदा दारात उभी, हातात रसाचं भांडं, मान खाली. आखाजीला आलेल्या लेकीला न घेताच नवरा परत गेला, तर गल्ली काय म्हणेल? गल्ली दुसऱ्या दिवसापासून बोटांवर दिवस मोजायला लागते हो! नर्मदाबाई कानाशी येऊन म्हणते, "जवाई उपाशी उठना तं गल्लीमा काय तोंड दखाडानं? करा ना काहीतरी!"

करा काहीतरी! काय करू? मी काय टीव्ही पिकवतो?

तसाच उठलो, चप्पल पायात न घालता गेलो आग्रा रोडला, झुलाल मिस्त्रीकडे. झुलाल म्हणजे टीव्ही दुरुस्तीवाला, त्याच्या दुकानात सात कंपन्यांचे सात टीव्ही पोटं उघडी टाकून पडलेले. सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आणि शांतपणे म्हणाला, "नाना, कशाला जीव जाळता? ह्या सातांत नावं सात, पण पिक्चर ट्यूब एकाच कारखान्याची. हे कंपनीवाले ट्यूब विकत आणतात, भोवती आपापलं खोकं ठोकतात. खोकं निराळं, ट्यूब तीच!"

मी म्हटलं, हे माझ्या जवायापुढे बोल!

संध्याकाळी आमच्या ओट्यावर तमाशा. शेजारच्या लोटन आबांकडे रॉयलटोन, तो हातगाडीवर गोधडीत गुंडाळून आणला, आबा मागं मागं, "हळू! मना रॉयलटोनले धक्का लागू देऊ नका!" अरे, टीव्ही आहे की बाळंतीण? झुलालनं जवायाला आत बसवलं, दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी मांडले, दोन्हींना एकेक धोतर असं गुंडाळलं की नाव झाकलेलं, नुसती काच उघडी, आणि एकाच अँटेनाची वायर दोघांना दिली. अख्खी गल्ली जमा. दोन्हींत एकच माणूस, भेंडीवरच्या रोगाची माहिती सांगतोय. जवाई बाहेर आले. सकाळपासून उपाशी, पण ऐट काय! एक डोळा मिटला, मागं सरकले, पुढं सरकले, जणू बैलाचे दात बघतायत.

"हा! हा रॉयलटोन. भेंडी बघा कशी हिरवीगार! त्या दुसऱ्यातली भेंडी आजारी वाटते."

अहो, भेंडी आजारीच होती, कार्यक्रमच आजारी भेंडीचा! झुलालनं धोतर ओढलं... दीपज्योत! गल्ली अशी हसली! मग त्यानं दोन्हींची मागची झाकणं खोलली, बॅटरी मारली. दोन्ही ट्यूबांवर एकच चिठ्ठी, एकच कारखाना, एकच शिक्का! लोटन आबा तर मटकन खालीच बसले, बिचाऱ्यांनी तीन वर्षं त्या नावावर गल्लीत मिशीला पीळ दिला होता. मी छाती काढून म्हटलं, "काय वाल्मीकराव? खोकं निराळं, ट्यूब तीच!"

वाटलं, आता तरी माणूस जेवेल. कसलं काय! म्हणतो, "असेल हो ट्यूब तीच. पण नाना, माझ्या क्वार्टरात येणारा माणूस झाकण खोलून ट्यूब बघणार आहे का? तो पाटी वाचणार."

आता ह्याला काय करायचं? डोकं फोडायचं? कुणाचं? झुलालनं गुपचूप खिशातून एक पाटी काढली, मेलेल्या कुठल्यातरी टीव्हीची, 'रॉयलटोन', सोनेरी अक्षरं, आणि दीपज्योतच्या कपाळावर डकवून दिली. सगळ्यांच्या देखत! जवायाच्या देखत! आणि जवाई खूश! अहो, स्वतःच्या डोळ्यांनी बघून खूश! पाच मांडे खाल्ले, रस ओरपला, वर म्हणतो, "बघा, आता चित्रसुद्धा उठून दिसतंय!"

दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेलो पोचवायला. हा टपावर टीव्ही बांधून घेत होता, पोर खिडकीत. मी हळूच म्हटलं, "सुनंदे, तुझा नवरा म्हणजे धन्य आहे बाई! आतलं काही बघत नाही, नुसत्या पाटीवर भाळतो."

पोरगी हसली नाही. म्हणाली, "नाना, शिंदखेड्याचा तो मास्तर मला बघायला आला होता. चांगला होता. मला आवडलाही होता. तुम्ही म्हणालात, मास्तर काय, गल्लोगल्ली मिळतात, रेल्वेवाला तो रेल्वेवाला. तुम्ही तरी काय वाचलं होतं?"

आणि गाडी सुटली. मी तिथंच, धुरात.

तेव्हापासून बघा, कुणी टीव्हीची कंपनी विचारली की मी सरळ झुलालकडे पाठवतो. कुठल्या तोंडानं बोलू? टीव्हीचं झाकण झुलाल तरी खोलतो, जवायाचं खोलायला मिस्त्री कुठून आणू? आणि आणून तरी काय हो... ग्यारंटी तर अक्षता पडल्या तेव्हाच संपली!