हॅडलीचा श्वास

अश्लेषा: पडद्यावर हॅडलीचे ओठ उघडले की पाव सेकंदानं आवाज येतोय, बाबा. तीनदा मोजलं मी.

पद्माकर: आणि त्याआधीचा श्वास?

अश्लेषा: ऐकूच येत नाही.

पद्माकर: तेच म्हणतोय मी. हॅडली वाक्याआधी नाकानं श्वास घेतो. सिनेमात शेरीफ झालेला असो, जेलर असो, पाद्री असो. बावीस वर्षं त्याला हिंदीत बोलवतोय. तो श्वास आला की आपण तोंड उघडायचं.

अश्लेषा: मुंबईच्या स्टुडिओतून फाइलच खराब आली असेल.

पद्माकर: बाकीचे सीन ठीक आहेत. फक्त हा शेवटचा.

अश्लेषा: बरं, आधी पेज घ्या. खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवरून आणलीय, गिळता येईल. आणि शेजारच्या मिसेस टान विचारत होत्या, अंकल रोज कपाटात शिरून कुणाशी भांडतात, म्हणून.

पद्माकर: सांग त्यांना, कपाटात गोधड्या लावून डबिंग करतात अंकल.

अश्लेषा: आई म्हणायची, आपल्या घरात चौघं राहतात, त्यातला एक गोरा.

पद्माकर: आधी हसून म्हणायची. शेवटच्या दिवशी तिला म्हणालो, "मी इथंच आहे." तिनं डोळे उघडले आणि तो गोरा आला की काय म्हणून दाराकडे पाहिलं, आशू. माझ्याकडे नाही.

अश्लेषा: हे कधी बोलला नाहीत.

पद्माकर: कुठल्या आवाजात बोलणार होतो?

अश्लेषा: तुम्ही भेटलात का हॅडलीला कधी?

पद्माकर: छे. ओहायोत शाळामास्तर होता. छत्तिसाव्या वर्षी पहिला रोल, एका वाक्याचा. पुढं चाळीस वर्षं काम केलं, पण पोस्टरवर नाव नाही. मी डब केलेल्या सिनेमांत एकोणतीस वेळा मेला. प्रत्येक वेळी मीही मेलो. डिसेंबरात खरंच गेला, तेव्हा मला कुणी बोलावलं नाही.

अश्लेषा: घशाचाच कॅन्सर होता ना त्यालाही?

पद्माकर: हो. बायकोनं मुलाखतीत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढू. हा म्हणाला, आवाज गेल्यावर माझं उरतं काय?

अश्लेषा: हेच वाक्य पाच आठवडे मी याच सोफ्यावर तुमच्या तोंडून ऐकतेय.

पद्माकर: माहितेय.

अश्लेषा: तुमच्या ऑपरेशनचं आज पाचपर्यंत हॉस्पिटलला कळवायचंय, बाबा. यापुढं ते थांबणार नाहीत. आणि गाठही.

पद्माकर: एकदा लाव तो सीन. डोळे मिटून ऐकतो.

(ती सीन पुन्हा लावते.)

पद्माकर: हा हॅडली नाही.

अश्लेषा: म्हणजे?

पद्माकर: ओठ त्याचे, आवाज दुसऱ्याचा. आजारानं त्याचा आवाज गेलाच होता गं तोवर. म्हणून कुणालातरी बसवलंय. माझ्यासारख्याच कुणाला.

अश्लेषा: मला तर अगदी तोच वाटतो.

पद्माकर: सगळ्यांनाच वाटेल. बायकोलाही वाटला असेल. ज्याच्यासाठी जीव घालवला, तो आवाजही राहिला नाही त्याच्याकडे.

अश्लेषा: मुंबईला काय सांगू? सीन बाकी आहे तुमचा.

पद्माकर: त्याचा दुसऱ्यानं केला, माझाही करेल कुणीतरी. टीव्ही बंद कर. आता मी बोलतो, आधी श्वास ऐकू येतो का बघ.

अश्लेषा: बोला.

पद्माकर: आशू, छत्री घेतलीस का?

अश्लेषा: नाही आला हॅडलीचा श्वास, बाबा. मी शाळेत जाताना विचारायचात, तसाच तुमचा आवाज.

पद्माकर: मग हॅडली वजा करूनही मी उरतोय. लाव फोन हॉस्पिटलला. ऑपरेशन करायचंय मला.