नळीशिवाय बाबा

आईचा फोटो काचेवर कोरून घ्यायला गेले होते. दुकानात माझ्या पुढे एक भाऊ-बहीण होते. त्यांचे वडील गेल्या महिन्यात वारले होते.

"हा घ्या फोटो. फक्त बाबांच्या नाकातली नळी पुसून टाका."

"साहेब, फोटोत दिसतं तेवढंच लेझर काचेवर कोरतो. नळी पुसली तर तिथलं नाक मला अंदाजाने काढावं लागेल. दुसरा फोटो नाही का?"

"माझ्याकडे ढीगभर आहेत. बागेतला आहे, चष्मा पुसतानाचा आहे. पण दादाला हाच हवाय."

"अगं, त्यांत मी नाहीये."

"कसा असशील? नऊ वर्षांत एकदा उगवलास, तोही हॉस्पिटलात. आल्या आल्या सेल्फी काढलास."

"सुट्टी मिळत नव्हती. तुला माहीत आहे."

"हो तर. बाबाही येईल-जाईल त्याला तेच सांगायचे."

"ते राहू दे आता. अहो, तुम्ही काढलेलं नाक बाबांसारखं दिसेल ना?"

"कोरण्याआधी स्क्रीनवर दाखवतो. घरच्यांनी बघून सांगायचं, त्यांचंच आहे की नाही."

"मग यालाच दाखवा. याला कुठलंही चालेल."